आठ गुणांचा प्रश्न

प्रश्न चौथा, उपप्रश्न आ : तुलना करा.
सन यत-सेन आणि युआन शिकाई. गुण आठ.
चोपड्याच्या कॉलेजात मे महिना तापलाय,
कूलरचं पाणी अकरालाच संपलं,
आणि सकाळपासून मी
एकच चीन एकसष्ट वेळा वाचलाय.

सगळ्यांनी पट्टीने मधोमध रेघ मारलीय.
डावीकडे डॉक्टर, उजवीकडे सेनापती.
डावीकडे त्याग : दीड महिन्यात
अध्यक्षपद सोडलं, देश फुटू नये म्हणून.
उजवीकडे लोभ : तेच पद घेतलं,
पुढे सम्राट झाला, त्र्याऐंशी दिवस टिकला.
मध्ये कुठेतरी सहा वर्षांचं एक पोर
सिंहासनावरून उतरवलं जातं.
त्याला गुण ठेवलेले नाहीत.

बासष्टावा पेपर. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
या पोराने दोन रेघा मारल्यात.
तिसऱ्या रकान्याला नाव नाही.
त्यात लिहिलंय :
"वेणी दोघांनीही कापली. एकाने परदेशात, फार आधी.
दुसऱ्याने खुर्ची मिळायचं पक्कं झाल्यावर.
पण बाजारात शिपाई कात्र्या घेऊन उभे होते.
त्यांनी ज्यांच्या कापल्या त्यांचं पुस्तकात काही नाही.
माझे वडील धरणगावला केस कापतात.
ते म्हणतात, पुष्कळ वर्षांचे केस गेले
की मान हलकी होते,
पण हात महिनाभर मागे जातो, शोधायला."

आदर्श उत्तरात हे नाही.
आदर्श उत्तर मीच तयार केलंय.
'त्याग : एक गुण' हेही माझंच.

मला विचारा त्यागाचं.
पारोळ्याच्या कॉलेजात
मी सहा आठवडे प्रभारी प्राचार्य होतो.
किल्ल्या माझ्याकडे, शिक्का माझ्याकडे,
पण कारकून, शिपाई, वसतिगृहाचा आचारी,
संस्थेचे अकराच्या अकरा संचालक
बोलायचे माझ्याशी आणि बघायचे
दगाजीराव भामऱ्यांकडे.
मी राजीनामा दिला. कॉलेज फुटू नये म्हणून.
निरोपाला शेवभाजी होती, कळण्याची भाकरी होती,
भाषणात कुणीतरी 'त्यागमूर्ती' म्हणालं,
भामरेसाहेबांनी स्वतः हार घातला.
हात इतके मऊ की वाटलं, बरं केलं आपण.

दोन वर्षांत त्यांच्या केबिनला रेशमी पडदे,
पोर्चमध्ये त्यांच्याच वडिलांचा पुतळा.
मग एक दिवस तेही गेले.
कुणी हुसकलं नाही.
एकेक माणूस नुसता
'हो साहेब' म्हणायचा थांबला.

माझ्या बाजूला अकरातले सहा जरी असते
तर मी सोडली असती खुर्ची?
हे विद्यापीठ विचारत नाही.
पलीकडच्या टेबलावरून निंबा आबा, आमचे मॉडरेटर,
सुपारी एका गालात सारून म्हणतात,
"कोन सोडस भो खुर्ची? लोके सोडाई लेतस."
ते वेगळ्याच कुणाबद्दल बोलत असतात.
मी उगाच मान हलवतो.

आठपैकी साडेपाच देतो.
खोडतो. सहा. खोडलेल्याजवळ सही.
तिसऱ्या रकान्याशेजारी लाल शाईने
'विषयांतर' लिहायला जातो
आणि 'वि' वरच पेन थांबतं.
राहू दे तसंच. कुणी विचारलं तर सांगू,
'विशेष'चा आहे.

गेटाबाहेर सावद्याकडचा केळीचा ट्रक पंक्चर झालाय.
हिरवे घड उतरवून दोघंजण
रस्त्याच्या कडेला रचतायत,
वर ओलं गोणपाट.
ऊन उतरेस्तोवर मी ते बघत राहतो.

संध्याकाळी गठ्ठा सुतळीने बांधतो, लाख लावतो,
पावतीवर सही करतो.
सहीखाली हाताने आपोआप लिहिलेलं असतं :
माजी प्रभारी प्राचार्य.
नऊ वर्षं झाली.