धूम्रपान : नाही

मेडिकलच्या जुन्या इमारतीत, क्षयाच्या वॉर्डाला वळसा घालून
जो बोळ येतो, त्याच्या टोकाला माझी खोली.
दारावर पाटी नाही. खोकत या, सापडते.

इथे मी लोकांना फुंकायला सांगतो.
सकाळी आधी यंत्राला तीन लिटर हवा पाजतो
मोठ्या पिचकारीतून. यंत्र म्हणतं, बरोबर, तीन.
हवा कुठली, ते विचारत नाही.

आज बाविसाव्या नंबरला पंचफुला सोमकुवर.
वय कार्डावर एक्केचाळीस,
"पन्नास धरा," ती म्हणाली.
राहणार भांडेवाडी, यार्डाच्या भिंतीला लागून.
काम : प्लास्टिक वेगळं, लोखंड वेगळं, विंचरलेले केस वेगळे.
धूम्रपान?
ती हसली, अन् हसण्यातूनच खोकला फुटला.
"धूर तं पेतोच ना बाप्पा, मंग विडी कायले ओढू?"

रकान्यात दोनच खुणा बसतात.
मी लिहिलं, नाही.

नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी.
"मोठा श्वास घ्या. अजून. अजून. आता फुंका,
वाढदिवसाची मेणबत्ती विझवल्यासारखं."
मला असंच शिकवलंय.
तिनं नळी काढली.
"मेणबत्ती नाही फुंकली कधी. चूल सांगा."
"बरं, चूल."

पडद्यावर रेघ चढायला लागली
आणि तिसऱ्याच पायरीवर
गुडघ्यावर हात टेकून बसली.
तीनदा फुंकवलं. तीनदा तिथेच.

दम खाता खाता ती बोलत राहिली,
मला नाही, टेबलावरच्या पंख्याला :
"मे महिन्यात पेटते ना कचरा,
तवा आठ-आठ दिवस भर दुपारी बल्ब लावतो घरात.
हापशीचं पाणीच चहावानी,
त्याचा चहा केला तं दूध फाटते.
लहान्या पोरीची छाती वाजते रात्री,
आत पाखरू अडकल्यावानी.
मी उठून बसतो. पाखराले काय सांगू?"

छापील कागदावर आलं : तीव्र अडथळा.
मी खाली सही केली.

नळी तिनं लगेच परत दिली नाही.
बोटांत फिरवली, भंगारवाल्याच्या काट्याआधी
आपणच वजन करून बघावं तशी.
"हे येते आमच्याकडं," म्हणाली.
"पोट्टे पिपाणी करते याची. दिवसभर पों-पों."

पिवळी पिशवी आम्ही रोज गाठ मारून देतो.
ती जिथं जायला पाहिजे तिथंच जाते,
असं रजिस्टर म्हणतं.
तिथंही सही माझीच.

ती गेली. बोळात तिचा खोकला
मेडिकलच्या फाटकापर्यंत मला ऐकू येत राहिला,
किंवा तो दुसऱ्याच कुणाचा असेल.
तेविसावा नंबर पुकारला.
नव्या नळीचं वेष्टन फाडलं,
आणि माणूस आत येईस्तोवर
उगाच ओठांना लावून बघितली.

वाजते.