पावतीपुस्तक

मधल्या भिंतीत पलीकडून खिळा ठोकला
की माझ्या बाजूचा चुना पडतो.
गेल्या चवथीत माझ्या खांद्यावर हेल्मेट पडलं.
'पडलं' हे माझं नाही,
डिचोली पोलिसांच्या वहीत तसं लिहिलंय.

तुळशिदास मळीक. भाडं पंचेचाळीस रुपये.
त्याच्या बापाला सासऱ्यांनी दोन खोल्या दिल्या
तेव्हा पंचेचाळिसाला वजन होतं.
आता तेवढ्यात पोदेर नऊ पाव देतो,
आणि तेसुद्धा मी दहा वर्षं घेतलेले नाहीत.
"घेऊ नका," अ‍ॅडव्होकेट लवंदे म्हणतात,
"घेतले की तुम्ही त्याला मानलंत."
म्हणून तो मनिऑर्डर करतो, मी परत पाठवते.
पोस्टमन सही घेताना वर बघत नाही.

खाण बंद पडली, ट्रक विकला,
तेव्हापासून तो दिवसाही घरी असतो.

रेंट कंट्रोलरच्या कचेरीतला बाक डुगडुगतो.
मी त्याच्या पायाखाली जुन्या तारखेची चिठ्ठी
घडी करून सारली होती,
पुढच्या तारखेला ती तिथंच होती,
त्याच्या पुढच्याही.
साहेब तीन बदलले.
प्रत्येकानं विचारलं, खोल्या तुम्हाला स्वतःला हव्यात का?
खरीखुरी गरज आहे का?
साहेब, मला झोप हवी आहे.
टायपिस्ट थांबतो.
झोप कुठल्या कलमात घालायची?

खांद्याचं खातं वेगळं, ते पोलिसांचं.
घराचं वेगळं, ते यांचं.
मारणारा हात आणि राहणारा माणूस
कायद्याला अजून एका अंगावर सापडलेले नाहीत.

परवाचं सांगते.
रात्री साडेअकराला मागच्या दारावर
कुणीतरी बोटाच्या पेरानं ठोकलं,
मडकं पक्कं आहे का बघावं तसं.
मी कोयता घेतला. नारळाचा. हल्ली उशाशीच असतो.
दारात सुलक्षा, त्याची बायको.
ओठ फुटलेला, मुठीत गाठ मारलेला रुमाल.
मला वाटलं, लपायला आली.
तिनं गाठ सोडली.
दहाच्या चार नोटा, पाचाचं एक नाणं.
"बाय, पावती म्हज्या नांवार फाड."

दहा वर्षं चाललेल्या दाव्यात
हिचं नाव कुठं आहे?
आहे. 'व कुटुंबीय'.
मी जिंकले असते तर
हिचं शिलाई मशीनही अंगणात आलं असतं,
हिचे डबे, त्या खिळ्यावरचं कॅलेंडर.
खिळा कदाचित हिनंच ठोकला असेल.
लवंदेंनी सांगितलं म्हणून मी वही ठेवली होती,
पुराव्याला:
'रात्री दोन. आदळआपट, किंचाळणं. मालकिणीला त्रास.'
अशा एकशे बारा नोंदी.
मालकिणीला.

"आत ये," म्हटलं. ती उंबऱ्याशीच उभी राहिली.
पलीकडे तो घोरत होता,
भिंत सगळं प्रामाणिकपणे पोचवते.
पावती फाडली तर दावा बसला, हे मला कळतं.
लवंदे कपाळाला हात लावतील
आणि फी मात्र परत देणार नाहीत.
उद्या हा शुद्धीवर येईल, कागद बघेल,
तेव्हा हेल्मेट कुणावर पडेल
तेही कळतं.

पुस्तक कपाटात तळाशी होतं,
सासऱ्यांच्या साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत.
कार्बन वाळून कुरकुरीत.
पेन चालेना.
मी ते वर्तमानपत्राच्या कडेला गोल गोल फिरवत राहिले
शाई उतरेपर्यंत,
आणि वर न बघता विचारलं,

मळीक लावू,
का माहेरचं?