रीत दाखवा

दहावी ब. सत्तेचाळीस फॉर्म, एक रबरबँड,
आणि कन्नमवार नगरच्या बसस्टॉपवर
मांडीवर गठ्ठा घेऊन मी.
'पुढे काय व्हायचं आहे?'
उत्तराला तीन ओळींची जागा.

वेदांग तांबट, गणितात एकेचाळीस,
लिहितो: रॉकेट इंजिनिअर.
'रॉ'ची चंद्रकोर पार रेघेबाहेर गेलीय.
हसू येतं, पण खोटं कशाला बोलू,
आवडतं मला. असंच लिहावं माणसानं.

अक्षदा घाडीगावकर, अठ्ठ्याण्णव.
फळ्यावरची माझी चूक दाखवणारी,
तीही मधल्या सुट्टीत, हळूच, कुणी नसताना.
तिच्या तीन ओळींत एकच शब्द:
बघू.
पुढे पूर्णविराम.

सवयीनं लाल पेनानं खाली लिहिलं:
रीत दाखवा.

सोमवारी फॉर्म परत आला.
पाठीमागे, समास आखून:

समजा, दादाच्या क्लासची फी = क्ष
आईचं फॉल-पिको, दिवसाला दोनशे दहा
पप्पांची कंपनी मार्चपासून बंद
सायन्सचं कॉलेज मुलुंडला, प्रॅक्टिकल सुटतं सहाला
साडेसहाला आजोबांचं इन्सुलिन
(टोचायला मलाच जमतं)
म्हणून कॉमर्स, म्हणून सकाळचं, म्हणून जवळचं

आणि तळाशी 'म्हणून'चे ते तीन ठिपके,
त्यांच्यापुढे पुन्हा: बघू.

मी दोनदा तपासलं. जेवून आणखी एकदा.
हातचा चुकलेला नाही, चिन्ह बदललेलं नाही.
पैकीच्या पैकी द्यावेत अशी मांडणी,
आणि पेन काही उतरेना.

माझाही एक फॉर्म होता, एम.एस्सी.चा,
भरलेला, न दिलेला.
बी.एड. एका वर्षात संपत होतं, स्थळ आलं होतं.
रीत माझीही बिनचूक होती.

मग वर गेले, पहिल्या ओळीकडे.
समजा.
बावीस वर्षं खडू आपटत सांगत आलेय,
गृहीत धरा, पुढे चला.
दादाची फी गृहीत.
साडेसहाला घरी कोण, ते गृहीत.
अठ्ठ्याण्णववाली, तीही गृहीत.
गृहीत तपासायचंही असतं
हे फळ्यावर कधी लिहिलंच नाही मी.

'समजा'भोवती गोल केला.
समासात लिहिलं, इथून पुन्हा.
आणि खाली, बारीक अक्षरात:
दादाला सुई धरता येते का?
विचारून ये.