उणे ऐंशी

सत्त्याऐंशी साली, डंडीत,
कुणाची तरी थुंकी बर्फावर ठेवून मी पहिल्यांदा धावले.
जिन्यात इसा डफीचा खोकला माझ्या मागोमाग येत होता.
चौदाव्या वर्षी तागाच्या गिरणीत शिरलेली बाई,
कानांपेक्षा समोरच्याच्या ओठांवर भरवसा ठेवणारी.
“एवढं काय सोनं आहे त्यात, पोरी?”

मी काचपट्टी रंगवली.
जांभळ्या, चिरफळलेल्या केंद्रकांच्या पेशी,
रेघेवर रेघ, भिंगात मावेनात.
चारशे मोजायच्या असतात. मोजल्या.
पुन्हा मोजल्या, कारण
इसानं सिगारेट सोडून सहा वर्षं झाली होती,
गिरणीला कुलूप लागून चार.
धूर नव्हता, धूळ नव्हती,
आणि बंबवाले अजून घरातच,
विझलेल्या खोल्यांतून कुऱ्हाडी चालवत.

त्यांना परत कोण बोलावतं?
या एका प्रश्नावर मी घर घेतलं,
दोनदा अनुदान गमावलं, एकदा नवरा.

दोन हजार एक. गोळी आली.
नऊ देश, अकराशे छात्या,
आणि आलेखावर दोन रेघा
एकमेकींच्या कुशीत झोपलेल्या.
इसाला मीच फोन केला.
“मला खरी मिळाली होती की खोटी?”
“खरी.”
“वाटलंच,” मध्ये श्वास, पुन्हा श्वास, “चहा कडू लागायचा.”

दोन वर्षांनी, जानेवारीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेली.
आडवं होणं तिनं केव्हाच सोडलं होतं.
मी त्या दिवशी ल्युव्हनला भाषण देत होते,
तिच्याच पेशींचं चित्र मागच्या पडद्यावर,
नाव नाही, फक्त ४३.

आज शीतपेटी रिकामी करायची आहे.
सोमवारपासून माझी खोली दुसऱ्या कुणाची.
ओलूफेमी यादी वाचतो, मी कुप्या काढते.
हातमोज्याला काच चिकटते, वाफ उठते,
माझंच तरुण, उतावळं अक्षर: ४३, मार्च.
“टाकायची?” तो विचारतो.
त्याचं नवं यंत्र एकेका पेशीला वेगळं बोलतं करतं,
हे तो सांगत नाही. शहाणा मुलगा.

चार मिनिटांत वितळेल.
खिडकीत टे नदी शिशासारखी पडून.

मी कुपी परत आत ठेवते.
ठेवण्याचं कारण, असा एक रकाना आहे.
‘अजून मोजून झालं नाही’ असं लिहिते,
खोडते,
तारीख तेवढी राहू देते.