उजवीकडचा स्पीकर

लॅपटॉपचा उजवा स्पीकर फाटलाय.
दिसत काही नाही, जाळीआड सगळा अंधार,
पण धैर्यशील वरंगळहून बोलायला लागला
की त्याच्या आवाजात कुणीतरी
पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवतं.

सगळी अक्षरं फुटत नाहीत.
क, च, त, प निभावून जातात.
भ फुटतो. घ फुटतो. ध फुटतो.
तो ‘भट्टी’ म्हणतो, ‘घर’ म्हणतो, ‘भाव घसरला’ म्हणतो
आणि नेमकं तेवढंच तडकतं.
स्वतःचं नावसुद्धा त्याला
आमच्या घरात धड घेता येत नाही.

करायचं ते करून झालं.
जुन्या टूथब्रशनं जाळी झाडली,
सेटिंगमध्ये जाऊन बेस कमी केला,
सगळा आवाज डावीकडे ढकलला,
तर तो एका कुशीवर पडून बोलतोय असं वाटायला लागलं.
हेडफोन लावला. नितळ.
मागच्या गल्लीतलं तेलुगू भांडणही ऐकू आलं.
पण हेडफोन एकटीचा.
तात्या समोर बसून माझा चेहरा वाचत राहिले,
मी हसले की हसायचे,
दर वेळी जरा उशिरा.

तात्यांचे कान मागावर गेले.
एकतीस वर्षं, इथेच विट्यात, मायणी रोडच्या शेडमध्ये.
ते म्हणतात, गेले नाहीत,
कुठल्यातरी ताग्यात विणले गेले,
कुणीतरी पांघरून झोपलं असेल.
सांगलीचे डॉक्टर म्हणाले, मशीन बसवा.
तात्या म्हणाले, मशीननंच तर नेले.

शेवटी इलाहीभाई मुलाणींकडे घेऊन गेले.
त्यांनी मागचे स्क्रू काढून चहाच्या बशीत ठेवले,
भिंगातून पाहिलं.
‘पडदा फाटलाय, ताई. वयानं होतं.
सारखं मोठ्यानं वाजवलं की लवकर होतं.’
क्षणभर वाटलं, हे तात्यांचंच सांगतायत.
‘शिवता येतो का?’
‘माणसाचा शिवतात म्हणे मिरजेत.
ह्याचा नाही. जोडी बदलायची. साडेसहाशे.’

बुधवारी नवी जोडी बसली, रविवारी कॉल आला.
काय आवाज! चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखा.
भ म्हणजे भ. घर म्हणजे घर.
भट्टीच्या पंख्याची घुरघुर,
मूस खाली ठेवल्याचा ठक्क,
कुणाला तरी ‘तेजाब झाकून ठेव’ म्हणाला तेही,
आणि मग खोकला.

हा खोकला
मी दोन वर्षं स्पीकरच्या खात्यावर
मांडत आले होते.

तात्यांनी नेहमीसारखा तळवा
कीबोर्डच्या उजव्या कडेला ठेवला,
जिथं आजवर धैर्यशील थरथरायचा.
माग नीट चाललाय का, हेही ते असंच बघायचे,
लाकडावर हात ठेवून, दुसरीकडे बघत.
थोडं थांबले.
हात उचलला, पँटला पुसला, पुन्हा ठेवला.
‘लागला न्हाई वाटतं आज.’

‘लागलाय, तात्या. बोलतोय तो.’
‘काय म्हंतोय?’

पलीकडे तो परत खोकला.
स्वच्छ. दोन्ही बाजूंनी.
मी म्हटलं, बरा आहे म्हणतोय,
आणि आवाज शंभरावर नेला,
इलाहीभाईंनी बजावलं होतं तरी.

तळव्याखाली काहीतरी हललं असावं.
‘आला,’ तात्या म्हणाले.
‘पण बारीक झालाय.’