सांजुझेचे हात

चवथ संपली तरी माझ्या नखांत
दीड महिना माती उरते,
शेताच्या तळातली, चिकट, करडी.
नार्व्याच्या फेरीबोटीवरचा पोरगा
सुटे पैसे देताना माझा तळहात टाळतो.

यंदा गणपती झाले बेचाळीस.
डोळे शेवटी, पहाटे,
घरात कुणी उठायच्या आत.
सोंड वळवताना मी कुणाला आठवत नाही,
पण पोट करताना दर वर्षी येतात
आमचे पुंडलीकमाम, जेवून उठून
सोप्यावर टेकलेले.
हे गिऱ्हाइकांना सांगायचं नसतं.

मग वाड्यावरची पोरं येतात
नरकासुराचं तोंड मागायला.
बांबू त्यांचे, गवत त्यांचं, आरडाओरडा त्यांचा,
तोंड माझं.
वर्षभराची रद्दी मी हंड्यात भिजत घालते.
आमच्याकडच्या पेपरात बातम्यांहून
मेलेल्यांचे फोटो जास्त,
पहिलं पुण्यस्मरण, तिसरं, अकरावं.
खळीत सगळे विरघळतात.
गालाच्या एका थरात कुणी तलाठी,
दुसऱ्यात कुणाची आई.
पहाटे चारला तो पेटतो
तेव्हा मी मागे उभी असते, चपला काढून.
पोरं शिट्ट्या मारतात.

एस्पेरांसबाय आली
नाताळच्या वीस दिवस आधी,
दिवाडीहून, पाऊस नसताना काखेत छत्री.
गोठ्यासाठी सांजुझे हवा होता.
जुन्याचं काय झालं?
उंदरांनी कान खाल्ला.
"आणि हात," ती म्हणाली, "आमच्या कायतानचे कर."
कायतान सुतार. सांजुझेही सुतार.
तिला यात विशेष काही वाटत नव्हतं.

फोटो दिला, कुणाच्या तरी लग्नातला.
कोट, टाय, ओठांत दाबलेलं हसू,
आणि दोन्ही हात पाठीमागे.

दुसरा फोटो?
ना.

मग मी विचारत बसले.
रंधा कसा धरायचा?
फणस कापताना तेल कुठवर चोपडायचा?
चहा कानाला धरून,
की पेलाच दोन्ही हातांत?
राग आला तर मूठ वळायची,
की नुसती बोटं मोडायचा?

तिला शब्द सुचेनात.
छत्री खाली ठेवली
आणि करून दाखवू लागली.
असा धरायचा. ना, असा. अंगठा बाहेर.
हे बोट करवतीनं गेलेलं, म्हणत
तिनं आपलं धडधाकट बोट दुमडलं,
इतकं नेमकं
की मी मान वळवली.

मग माती घेतली
आणि समोर दिसलं ते केलं.

भट्टीतून निघाला तेव्हा
दाढी त्याची कुठल्याही संताची,
खांदे दोर फेकणाऱ्या त्या फेरीच्या पोराचे,
हात बायकोचे,
नवऱ्यासारखे वागणारे.

न्यायला आली तेव्हा
पुष्कळ वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, "हां. अंगठा बाहेर."
पैसे दोनदा मोजून दिले,
"देव बरें करूं,"
आणि हात फ्रॉकच्या खिशांत घातले
ते फेरी येईपर्यंत तसेच.

चवथीचं बुडतं, दिवाळीचं जळतं,
हा एकच कुणाच्या तरी कपाटात
वर्षाचे अकरा महिने झोपणार.
म्हणून गुंडाळायला पेपर घेतला
तो आधी दोन्ही बाजूंनी बघितला.
क्रिकेटचं पान होतं.
चाललं.