मगरेट

कपाट नऊ, खालचा कप्पा, लाल फडक्यातलं बासन.
जलखात्यात मी जुन्या नोंदी संगणकावर चढवतो.
वाळवी मधोमध खाते, कडा ठेवते,
म्हणून या बोटीचं जे काही उरलंय
ते समासात आहे.

नाव 'मार्गारेट'. वाफेवरची, बत्तीस माणसांची.
बॉयलर आणायला सहा बैलगाड्या लागल्या,
विक्रोळीच्या चढावर एक बैल बसला तो उठलाच नाही:
रुपये चाळीस, मालकास अदा.
पवईच्या तलावात मगरी होत्याच,
गावाने त्यांच्यात आणखी एक धरली.
मगरेट.

पाणी पिण्याजोगं निघालं नव्हतं,
निदान बघण्याजोगं तरी ठरावं
असं कुणा साहेबाला वाटलं असेल.
रविवारी तीन फेऱ्या, माणशी चार आणे,
मूल मांडीवर असेल तर फुकट.
(खाली पेन्सिलीने: 'मांडीवरच्या मुलास मिशी होती.')
बर्फाचं पिंप, एक पेटीवाला,
ग्रँट रोडहून आलेली नवी जोडपी
धुराच्या विरुद्ध अंगाला,
आणि वारा फिरला की सगळी एकदम उठून पलीकडे:
'बोट कलते. समज द्यावी.'
सारंग हुसेनमिया दळवी, हर्णैचे,
पगारपत्रकावर सहीशेजारी लिहून गेलेत:
'ह्या पाण्यास भरती नाही. करमत नाही.'

आणि आगवाला, पासकू दुमिंग.
सही नाही, अंगठा.
ठसा कोळशाचा.
शाईची गरज पडली नसावी.

त्याच्यावरचा कागद वाळवीने अख्खा सोडलाय.
'तलावाच्या मध्यावर, जेथे खडक नाही, दुसरी नाव नाही,
दर फेरीस लांब शिट्टी दिली जाते.
वाफ वाया. कारण काय?'

उत्तर कुणा मास्तराच्या अक्षरात:
'खाली आमची विहीर आहे.
बांध घातला तेव्हा बापाने रहाट काढून आणला.
विहीर आणता आली नाही.
वरून जाताना सांगून जावं लागतं.'

शिट्टीची दोरी सारंगाच्या डोक्यावर असते.
दळवींना कुणी काही विचारलेलं नाही.

शेरा: दंड, शिट्टीमागे दोन आणे.
पुढची पानं नुसती दोन आणे, दोन आणे, दोन आणे,
इतकी सरळ रांग की मला वाटलं
कारकुनाने झोपेत ओढली.
मग एका जानेवारीत
पासकूने सालभराचा दंड आगाऊ भरला.
पावसाळ्याचे सोळा रविवार वगळून छत्तीस,
रुपये तेरा, आणे आठ.
पगार सोळा होता.

त्याच साली, नोव्हेंबरच्या शेवटी,
बॉयलरला चीर गेली.
मगरेट कुर्ल्याला वजनावर विकली,
पितळ वेगळं, लोखंड वेगळं.
पाच रविवार शिल्लक. रुपया एक, आणे चौदा,
'पासकू दुमिंग यास परत देणे.'
पुढे, वेगळ्या शाईत: 'इसम आला नाही.'

माझा संगणक आणे घेत नाही.
रकाना लाल होतो, पुढे जाऊ देत नाही.
साहेब म्हणाले, शून्य टाक.
मी टाकलं नाही, फाईल अर्धी ठेवून उठलो.

रविवारी पवईला गेलो.
टॉवर पाण्यात डोकं खाली करून उभे,
जलपर्णी उपसणारं यंत्र बंद,
त्याच्या दातांवर एक बगळा.
मध्य कुठला ते कसं कळणार?
अंदाजाने तोंड केलं,
दोन बोटं जिभेखाली घातली
आणि शाळेत असताना मारायचो तशी लांब मारली.

मागून वॉचमनची शिट्टी आली,
इथे उभं राहायचं नाही म्हणून.

दोन्ही मिळून एक धरली.
चौदा बाकी.